छायाचित्राला ठिपके किती लागतात?

बहुतेक जुन्या शाळांच्या कार्यालयात भिंतीवर वर्गांचे ग्रुप फोटो लावलेले असतात. मधल्या खुर्च्यांवर शिक्षक, पुढे सतरंजीवर मांडी घालून बसलेली मुले, मागे बाकांवर उभी राहिलेली मुले. वीस-पंचवीस वर्षांनी शाळेत आलेला माजी विद्यार्थी त्या फोटोसमोर जाऊन उभा राहतो आणि सर्वांत आधी स्वतःचा चेहरा शोधतो. काही मुलांचा तर त्या वयातला तेवढा एकच फोटो असतो. तो चेहरा ओळखू यावा, एवढीच आपली त्या फोटोकडून अपेक्षा असते.

आता असे फोटो पुष्कळ शाळांत शिक्षकच काढतात, कुणी कॅमेऱ्याने तर कुणी मोबाइलने. शाळेसाठी कॅमेरा घ्यायचा ठरले की पहिला प्रश्न येतो, "किती मेगापिक्सेलचा घ्यायचा?" जाहिरातीत १२, ५०, १०८, २०० असे चढते आकडे असतात आणि आकड्याबरोबर किंमतही बहुधा चढत जाते. आकडा जितका मोठा तितका फोटो चांगला, असा सर्वसाधारण समज आहे. शाळेच्या खर्चातून जेमतेम बाजूला काढलेली रक्कम या समजापायी खर्च करावी का, हे ठरवण्यापूर्वी थोडे गणित करून पाहणे बरे. हे गणित आठवी-नववीच्या मुलांनाही जमण्यासारखे आहे. त्याची सुरुवात मात्र कॅमेऱ्यापासून न करता आपल्या डोळ्यापासून करावी लागते.

मेगापिक्सेल म्हणजे काय?

ठिपक्यांची रांगोळी सर्वांच्या परिचयाची आहे. कॅमेऱ्यात भिंगाच्या मागे जो संवेदक असतो, त्यावरही असेच आडव्या-उभ्या ओळींत प्रकाश मोजणारे अतिसूक्ष्म चौकोन असतात. प्रत्येक चौकोन आपल्यावर किती प्रकाश पडला ते मोजतो व त्या मोजमापातून चित्राचा एक ठिपका तयार होतो. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. दहा लाख पिक्सेल म्हणजे एक मेगापिक्सेल. आडव्या ओळीत ४,००० व उभ्या ओळीत ३,००० ठिपके असतील, तर एकूण १ कोटी २० लाख, म्हणजे १२ मेगापिक्सेल होतात.

येथे पहिली गोष्ट लक्षात ठेवायची ती अशी, की मेगापिक्सेल हे क्षेत्रफळाचे माप आहे. बारीक रेषा दिसणे किंवा न दिसणे हे मात्र लांबीवर, म्हणजे एका ओळीतील ठिपक्यांच्या संख्येवर अवलंबून असते. १२ ऐवजी ४८ मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतला तर आकडा चौपट होतो, पण एका ओळीतील ठिपके ४,००० वरून ८,००० म्हणजे फक्त दुप्पट होतात. चौरसाची बाजू दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होते, हाच तो नियम. जाहिरातीतला आकडा म्हणूनच प्रत्यक्ष फरकापेक्षा भारी वाटतो.

दुसरी गोष्ट रंगांची. संवेदकाचा प्रत्येक चौकोन फक्त प्रकाशाचे प्रमाण मोजतो, रंग ओळखत नाही. त्यासाठी चौकोनांवर तांबडी, हिरवी व निळी अशी सूक्ष्म गाळणी बसवतात. कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांनी सुचवलेल्या आणि १९७६ मध्ये पेटंट मिळालेल्या मांडणीत निम्म्या चौकोनांवर हिरवी, पाव चौकोनांवर तांबडी व पाव चौकोनांवर निळी गाळणी असते. बहुतेक कॅमेरे आजही हीच मांडणी वापरतात. म्हणजे १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ६० लाख ठिकाणी हिरवा, ३० लाख ठिकाणी तांबडा आणि ३० लाख ठिकाणी निळा रंग मोजला जातो. प्रत्येक ठिपक्याचे उरलेले दोन रंग शेजारच्या ठिपक्यांवरून हिशोबाने काढले जातात.

याच कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने १९७५ मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा बांधला. त्याच्या चित्रात १०० गुणिले १०० असे अवघे १०,००० ठिपके होते आणि एक चित्र कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद लागत. इतक्या ठिपक्यांत चेहरा जेमतेम ओळखता येतो. तेथून आपण कोट्यवधी ठिपक्यांपर्यंत आलो. आता यातले किती ठिपके आपल्याला दिसतात ते पाहू.

डोळ्याची मोजपट्टी

डोळे तपासताना भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावतात. तो हर्मन स्नेलेन या डच नेत्रवैद्याने १८६२ मध्ये तयार केला. ज्याची दृष्टी ६/६ आहे असे आपण म्हणतो, त्या माणसाला ६ मीटरवरून सुमारे पावणेनऊ मिलिमीटर उंचीचे अक्षर वाचता येते. या अक्षराची प्रत्येक रेघ अक्षराच्या उंचीच्या एक पंचमांश, म्हणजे पावणेदोन मिलिमीटर जाड असते. ६ मीटरवरून पाहताना त्या रेघेची जाडी डोळ्यापाशी बरोबर १ मिनिटाचा कोन करते. १ मिनिट म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. सामान्य चांगल्या दृष्टीची बारकावे ओळखण्याची मर्यादा साधारण एवढी आहे.

ही मर्यादा का आहे? डोळ्याच्या दृष्टिपटलावर मध्यभागी जेथे सर्वांत स्पष्ट दिसते, तेथे प्रकाश ओळखणाऱ्या शंकुपेशी एकमेकींपासून सुमारे अडीच मायक्रॉन अंतरावर असतात. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) १ मिनिटाच्या कोनाची प्रतिमा दृष्टिपटलावर सुमारे ५ मायक्रॉन रुंद पडते, म्हणजे ती दोन पेशींमध्ये वाटली जाते. त्याहून बारीक रेघा आल्या की त्या वेगवेगळ्या ओळखायला पुरेशा पेशीच नसतात. आपल्या डोळ्यातही एक प्रकारचे पिक्सेल आहेत, असे म्हणायला हरकत नाही.

वर्गात करण्यासारखा प्रयोग: एका पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने १ मिलिमीटर जाडीच्या रेघा ओढाव्यात व दोन रेघांमध्ये तेवढीच मोकळी जागा ठेवावी. आलेखाचा कागद खाली ठेवला तर हे काम सोपे जाते. हा कागद चांगल्या उजेडात भिंतीवर लावून मुलांना एकेक पाऊल मागे जायला सांगावे. रेघा नाहीशा होऊन नुसता करडा पट्टा दिसू लागला की थांबावे आणि अंतर मोजावे. चष्मा लागत असेल तर लावूनच पाहावे. बऱ्याच मुलांचे अंतर साडेतीन मीटरच्या आसपास येईल. काही तल्लख डोळे पाच मीटरपर्यंतही पोचतील. पूर्ण वर्गाची सरासरी काढून फळ्यावर लिहावी.

या प्रयोगातून एक सोपा नियम मिळतो. ज्या अंतरावरून पाहायचे त्या अंतराला ३,४०० ने भागले, की त्या अंतरावरून वेगळा ओळखता येणारा सर्वांत लहान ठिपका मिळतो. (१ मिनिटाच्या कोनाचे हे गुणोत्तर आहे. त्रिकोणमिती शिकलेल्या विद्यार्थ्यांनी ते स्वतः पडताळून पाहावे.)

आता ठिपके मोजू

आपण पुस्तक साधारण ३० सेंटिमीटरवर धरून वाचतो. ३०० मिलिमीटर भागिले ३,४०० म्हणजे ०.०८८ मिलिमीटर. एका इंचात २५.४ मिलिमीटर असतात, म्हणून एका इंचात असे सुमारे २९० ठिपके बसतील. चांगल्या छपाईसाठी 'एका इंचात ३०० ठिपके' हा जो आकडा छापखान्यात सांगतात, तो आपल्या डोळ्याला असा अगदी जुळणारा आहे. आता काही उदाहरणे सोडवू.

पोस्टकार्डाच्या बेताचा फोटो, ६ गुणिले ४ इंच, हातात धरून पाहायचा आहे. १,८०० गुणिले १,२०० म्हणजे २१ लाख ६० हजार ठिपके. सव्वादोन मेगापिक्सेलही पुरे होतात.

ए-फोर आकाराचा फोटो हातात धरून पाहायचा आहे. ३,५०८ गुणिले २,४८० म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके. येथे ९ मेगापिक्सेल लागतात.

१८ गुणिले १२ इंचांचे चित्र भिंतीवर लावून तीन फुटांवरून पाहायचे आहे. ३६ इंच भागिले ३,४०० केल्यास ठिपका ०.०१०६ इंचाचा येतो. चित्रात साधारण १,७०० गुणिले १,१३३ ठिपके पुरतात, म्हणजे १९ लाख. चित्र ए-फोरपेक्षा मोठे झाले आणि ठिपके मात्र कमी लागले!

रस्त्याकडेच्या २० गुणिले १० फुटांच्या होर्डिंगवर फोटो छापायचा आहे आणि तो १०० फुटांवरून पाहायचा आहे. ठिपका १०० भागिले ३,४०० म्हणजे ०.०२९४ फुटाचा, सुमारे ९ मिलिमीटरचा. आडवे ६८०, उभे ३४०, एकूण २ लाख ३१ हजार. पाव मेगापिक्सेलही नाही. एखाद्या होर्डिंगच्या अगदी जवळ जाऊन पाहण्याची संधी मिळाली तर मुलांना ते दाखवावे. मासिकाच्या पानापेक्षा त्याचे ठिपके कितीतरी जाड असतात.

या उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. किती ठिपके लागतील हे चित्राच्या आकारावर एकट्यावर अवलंबून नसून, आकार आणि पाहण्याचे अंतर यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. आणि मोठे चित्र आपण लांबूनच पाहतो, कारण जवळ गेलो तर ते एका नजरेत मावत नाही. चित्र पूर्ण पाहायचे असेल तर माणूस साधारण त्या चित्राच्या कर्णाएवढ्या अंतरावर उभा राहतो, असे धरता येते. मग हिशोब पाहा. १२ गुणिले ८ इंच चित्राचा कर्ण पायथागोरसच्या सिद्धांताने १४.४ इंच येतो. त्याला ३,४०० ने भागले तर ०.००४२४ इंच. आडवे ठिपके सुमारे २,८३०, उभे सुमारे १,८९०, एकूण साडेत्रेपन्न लाख. आता इंचांच्या जागी फूट लिहा. चित्र १२ गुणिले ८ फुटांचे झाले, पाहणारा १४.४ फुटांवर गेला, पण ठिपक्यांची संख्या तीच राहिली!

सामान्य दृष्टीच्या माणसाला पूर्ण चित्र एका नजरेत पाहताना साडेपाच मेगापिक्सेलच्या वर फारसे काही दिसत नाही. आपल्या प्रयोगात पाच मीटरपर्यंत गेलेल्या तल्लख डोळ्यांसाठी हा आकडा दुप्पट करावा. तरी तो ११ मेगापिक्सेलच होतो.

पडद्यावर पाहायचे असेल तर ठिपके पडद्यानेच ठरवलेले असतात. 'फुल एचडी' पडद्यावर १,९२० गुणिले १,०८० म्हणजे सुमारे २१ लाख, तर 'फोर-के' पडद्यावर ३,८४० गुणिले २,१६० म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके असतात. वर्गातला प्रोजेक्टर १,०२४ गुणिले ७६८ ठिपक्यांचा असेल, तर त्यावर २०० मेगापिक्सेलचा फोटो दाखवला तरी मुलांपर्यंत आठ लाखांहून कमी ठिपके पोचतात.

दोन मेगापिक्सेलमध्ये विश्व

कागदावरचा हिशोब खरा वाटत नसेल, तर प्रत्यक्षातली काही उदाहरणे पाहू. हबल दुर्बिणीने १९९५ मध्ये गरुड तेजोमेघातील वायू आणि धुळीच्या प्रचंड स्तंभांचे छायाचित्र घेतले. खगोलशास्त्राच्या पुस्तकांत ते आपण पुष्कळदा पाहिले असेल. ज्या कॅमेऱ्याने ते घेतले त्यात प्रत्येकी ८०० गुणिले ८०० ठिपक्यांचे चार संवेदक होते. चारही मिळून होतात २५ लाख ६० हजार ठिपके. त्यातला एक संवेदक अधिक बारकाईने पण कमी भाग टिपणारा होता. त्याचे चित्र इतर तिघांशी जुळवण्यासाठी लहान करावे लागे. मूळ चित्राच्या एका कोपऱ्यात पायऱ्यांसारखा काळा भाग दिसतो तो यामुळेच. चित्राची कीर्ती झाली ती वातावरणाच्या बाहेर असलेल्या २.४ मीटर व्यासाच्या आरशामुळे, ठिपक्यांच्या संख्येमुळे नव्हे.

जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरलेल्या 'स्पिरिट' आणि 'ऑपॉर्च्युनिटी' या गाड्यांच्या मुख्य कॅमेऱ्यांत १,०२४ गुणिले १,०२४, म्हणजे जेमतेम एक मेगापिक्सेल होता. ऑगस्ट २०१२ मध्ये उतरलेल्या 'क्युरिऑसिटी'च्या खांबावरील कॅमेऱ्यांत सुमारे १,६०० गुणिले १,२०० म्हणजे दोन मेगापिक्सेल आहेत. त्या काळी पृथ्वीवर बाजारात याहून कितीतरी मोठ्या आकड्यांचे कॅमेरे मिळत होते. पण मंगळावरून माहिती पाठवण्याची सोय मर्यादित असते, प्रत्येक ठिपक्याचा भार त्या संदेशावर पडतो. शिवाय मंगळावरचे दगड कुठे पळून जात नाहीत. कॅमेरा थोडा थोडा वळवून अनेक चित्रे घ्यायची आणि ती शेजारी शेजारी जोडायची, असे केले की हवे तेवढे मोठे व बारकावे दाखवणारे दृश्य तयार होते. मंगळाची जी भव्य दृश्ये आपण पाहतो, ती अशी तुकडे जोडून केलेली आहेत. ही युक्ती आपल्यालाही पुढे उपयोगी पडणार आहे.

ठिपके वाढवले तर बिघडते कुठे?

कुणी म्हणेल, जास्त ठिपके असले तर चांगलेच ना? नको असतील तर सोडून देऊ. पण ठिपके वाढवताना तीन अडचणी आडव्या येतात.

पहिली अडचण प्रकाशाच्या स्वभावाची आहे. प्रकाश ही लाट असल्यामुळे लहान छिद्रातून जाताना तो थोडा पसरतो. याला विवर्तन म्हणतात. रात्री लांबच्या दिव्याकडे तलम रुमालातून किंवा छत्रीच्या कापडातून पाहिले तर दिव्याभोवती फुलीसारखे पसरलेले किरण दिसतात, ते याच गुणामुळे. भिंग कितीही निर्दोष असले तरी एका बिंदूची प्रतिमा बिंदू न राहता लहानशी चकती होते. चकतीचा व्यास काढण्यासाठी २.४४ ला प्रकाशाच्या तरंगलांबीने आणि भिंगाच्या 'एफ' आकड्याने गुणतात. (भिंगाच्या नाभीय अंतराला त्याच्या छिद्राच्या व्यासाने भागले की 'एफ' आकडा मिळतो.) हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन धरू.

सॅमसंगच्या २०२३ मधील 'गॅलक्सी एस-२३ अल्ट्रा' या मोबाइलमध्ये २०० मेगापिक्सेलचा संवेदक आणि एफ/१.७ चे भिंग आहे. त्याचा एक पिक्सेल ०.६ मायक्रॉन रुंद आहे. विवर्तनाच्या चकतीचा व्यास येतो २.४४ गुणिले ०.५५ गुणिले १.७, म्हणजे २.३ मायक्रॉन. एका बिंदूची प्रतिमा आडवे जवळजवळ चार आणि उभे चार, अशा १६ ठिपक्यांएवढ्या जागेत पसरते. कंपनीलाही हे ठाऊक आहे. म्हणून हा मोबाइल नेहमीच्या वापरात १६ ठिपके एकत्र करून एकच ठिपका धरतो आणि सुमारे १२ मेगापिक्सेलचे चित्र देतो. भर उन्हात २०० मेगापिक्सेलची सोय वापरली तर थोडे अधिक बारकावे मिळतात, पण ते सोळापट नसतात.

दुसरी अडचण प्रकाशाच्या प्रमाणाची. समजा, गच्चीवर एक मोठी परात ठेवली आणि शेजारी तेवढ्याच जागेत सोळा लहान वाट्या मांडल्या. पाऊस दोन्हीकडे सारखाच पडतो. पण रिमझिम पावसात थोडा वेळ ठेवून थेंब मोजले, तर एका वाटीत शंभर, दुसरीत नव्वद, तिसरीत एकशे दहा असे येतात. पाऊस सारखा असूनही मोजमापात फरक पडतो. प्रकाशाचे कणही, म्हणजे फोटॉनही, असेच एकेक करून येतात. सरासरी १०० फोटॉन येत असतील, तर त्यात १०० च्या वर्गमुळाएवढी, म्हणजे १० ची चूक साहजिक असते. ही चूक झाली १० टक्के. सोळा ठिपके एकत्र केले तर १,६०० फोटॉन येतात, चूक ४० ची, म्हणजे फक्त अडीच टक्के. संध्याकाळी किंवा अंधाऱ्या वर्गात काढलेला फोटो वाळू पसरल्यासारखा रवाळ दिसतो, त्याचे एक मुख्य कारण हेच आहे. संवेदकाचा आकार तोच ठेवून ठिपके वाढवणे म्हणजे परात काढून वाट्या मांडणे. म्हणून कॅमेरा घेताना ठिपक्यांपेक्षा संवेदकाचा आकार आणि भिंग यांची चौकशी आधी करावी.

तिसरी अडचण हालचालीची. क्रीडादिनी धावणाऱ्या मुलांचा फोटो काढायचा आहे. चित्रात ७ मीटर रुंदीची जागा आली आहे आणि कॅमेऱ्याच्या एका ओळीत ४,००० ठिपके आहेत, म्हणजे एका मीटरला सुमारे ५७०. मूल सेकंदाला ६ मीटर वेगाने धावत आहे. शटर एका सेकंदाच्या शंभराव्या भागापुरते उघडले, तर तेवढ्यात मूल ६ सेंटिमीटर पुढे जाते आणि चित्रात ३४ ठिपक्यांवर त्याचा चेहरा फासला जातो. ठिपके कितीही वाढवले तरी ते ६ सेंटिमीटर कमी होत नाहीत. शटरचा वेळ हजारावा भाग केला तर फासणे साडेतीन ठिपक्यांवर येते. पण त्यासाठी उजेड भरपूर हवा. हात थरथरल्यानेही असेच नुकसान होते.

जास्त ठिपके केव्हा हवेत?

असे असले तरी मोठा आकडा नेहमीच निरुपयोगी असतो असे मात्र नाही. लांबच्या झाडावर बसलेला पक्षी चित्राच्या मध्यभागी छोटासा आला असेल आणि तेवढाच भाग कापून मोठा करायचा असेल, तर जास्त ठिपक्यांचा उपयोग होतो. चित्राची निम्मी रुंदी व निम्मी उंची कापून घेतली तर १२ मेगापिक्सेलमधले ३ उरतात, ४८ मधले १२ उरतात. पक्ष्यांचे किंवा वन्यप्राण्यांचे छायाचित्रकार या कारणासाठी जास्त ठिपके मागतात, ते योग्यच आहे. मात्र त्यांची भिस्त त्याहून अधिक लांबचे टिपणाऱ्या भिंगावर असते.

दुसरे कारण कागदपत्रांचे. जुने नकाशे, हजेरीपट, मोडी कागद हे कुणी एका नजरेत पाहत नाही, डोळ्याजवळ नेऊन अक्षर अन् अक्षर वाचतो. तेथे कर्णाचा नियम लागू पडत नाही. १ मीटर गुणिले ७० सेंटिमीटरचा नकाशा इंचाला ३०० ठिपके याप्रमाणे टिपायचा तर सुमारे ११,८०० गुणिले ८,२७० म्हणजे जवळजवळ १० कोटी ठिपके लागतील. यासाठी महागडा कॅमेरा घेण्याची गरज नाही. नकाशाही दगडासारखा स्थिर असतो. मंगळावरच्या गाड्यांप्रमाणे भाग पाडून, कडा थोड्या एकमेकांवर येतील असे बारा-पंधरा फोटो घ्यावेत आणि संगणकावर जोडावेत.

पुन्हा ग्रुप फोटो

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. साठ मुलांचा वर्ग चार रांगांत उभा आहे, एका रांगेत पंधरा. एका मुलाला ४५ सेंटिमीटर जागा धरली तर रांग पावणेसात मीटरची होते. कडेची जागा धरून ७ मीटर. १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात एका मीटरला ५७० ठिपके येतात, म्हणजे १४ सेंटिमीटर रुंदीच्या चेहऱ्याला ८० ठिपके मिळतात. सॅसनच्या पूर्ण चित्रात आडवे शंभर ठिपके होते, हे येथे आठवावे. हा फोटो १२ गुणिले ९ इंच आकारात छापला तर इंचाला ३३० हून अधिक ठिपके पडतात, ३० सेंटिमीटरवरून डोळा ओळखू शकतो त्याहून अधिक. ४८ मेगापिक्सेलमध्ये चेहऱ्याला १६० ठिपके मिळतील, पण त्या छापील फोटोत पाहणाऱ्याला फरक दिसणार नाही.

फरक दिसेल तो पुढे कुणी त्यातला एकच चेहरा मोठा करून मागितला तर. ८० ठिपक्यांचा चेहरा दोन सेंटिमीटर रुंद छापला की ठिपका पाव मिलिमीटरचा होतो आणि हातात धरून पाहताना चित्र मऊ, अस्पष्ट वाटते. ही गरज खरी आहे, विशेषतः ज्या घरात मुलाचा दुसरा फोटो नसतो तेथे. पण तिच्यावरचा उपायही साधा आहे. पूर्ण वर्गाचा फोटो झाल्यावर पाच-पाच मुलांचे वेगळे फोटो घ्यावेत. त्याच कॅमेऱ्यात प्रत्येक चेहऱ्याला तिप्पट रुंदीचे ठिपके मिळतात, आणि खर्च होतो तो फक्त दहा मिनिटांचा.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे, की शाळेच्या कामाला चांगल्या भिंगाचा १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा किंवा मोबाइल पुरेसा आहे, आणि तो शाळेत आधीच कुणाकडे असेल तर नवा घेण्याची घाई करू नये. वाचलेल्या पैशांतून एक ट्रायपॉड घ्यावा. ग्रुप फोटो उघड्यावर, सकाळच्या उजेडात पण मुलांच्या डोळ्यांवर ऊन येणार नाही अशा सावलीत काढावा. डोळे मिटणारे कुणीतरी असतेच, म्हणून लागोपाठ पाच-सहा फोटो घ्यावेत. संदेशाच्या ॲपवरून पाठवताना फोटो बहुधा आकुंचित होतो, म्हणून मूळ फोटो दोन वेगळ्या ठिकाणी साठवून ठेवावा. येथेही लहान आकडा सोयीचा पडतो. एका ठिपक्याला तीन बाइट धरले तर १२ मेगापिक्सेलचे चित्र मुळात ३ कोटी ६० लाख बाइटचे आणि २०० मेगापिक्सेलचे ६० कोटी बाइटचे होते. साठवताना दोन्ही दाबून लहान केली जातात, पण प्रमाण साधारण तसेच राहते.

आणि एक काम त्याच दिवशी करावे. छापील फोटोच्या मागे रांगेनुसार सर्व मुलांची नावे आणि साल लिहावे. जुने फोटो पाहताना चेहरे दिसतात पण नाव सांगणारे कुणी उरलेले नसते, असा अनुभव पुष्कळ शाळांना आहे. चेहरा कॅमेरा टिपतो, नाव आपल्यालाच लिहावे लागते.

विद्यार्थ्यांसाठी शेवटी एक प्रश्न. आपल्या शाळेच्या भिंतीवर बाहेरून ६ गुणिले ४ फुटांचे चित्र लावायचे आहे आणि ते मैदानाच्या टोकावरून, ६० फुटांवरून पाहायचे आहे. त्याला किमान किती ठिपके लागतील? उत्तर काढल्यावर, त्याच चित्राजवळ जाऊन पाहणाऱ्यासाठी काय करावे लागेल, याचाही विचार करावा.